पटावरची बत्तिसावी

८ जुलै, मंगळवार

बत्तीस पत्रं आली. वर्गात मुलं एकतीस!

तीनदा मोजली. मग मामांना मोजायला लावली. आमच्या शिपाईमामांचा माझ्या मोजण्यावर तसाही विश्वास नाही. त्यांनी बोटाला थुंकी लावून पाकिटं मोजली आणि बत्तीस म्हणून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ते जास्तीचं मीच घरून आणलंय.

चूक माझीच. दुपारी लक्षात आलं. मे महिन्यात एका परदेशी शाळेला मुलांची नावं कळवायची होती. योजना अशी — एकेका मुलाला तिकडचा एकेक पत्रमित्र, वर्षभर पत्रं, आणि प्रत्येक पत्रात आपल्या रोजच्या जगण्यावर एक हायकू. तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं. मी नावं पटावरून उतरवून काढली. पटावर बत्तीस आहेत, कारण शिट्टीचं नाव अजून पटावर आहे. ती गेल्या वर्षी सत्राच्या मध्येच घरच्यांबरोबर गाव सोडून गेली, पण तिचा दाखला न्यायला कोणी आलं नाही. दाखला नेत नाहीत तोवर नाव कमी करायचं नाही, हा ऑफिसचा नियम. मी रोज हजेरी घेते, रोज तिच्यापुढे ‘गै’ लिहिते. सवयीनं लिहिते. सवयीनंच नाव पाठवलं.

शिट्टी — मुलांनी ठेवलेलं नाव. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की मैदानावरच्या रांगा आपोआप सरळ व्हायच्या. मी तिला किती वेळा वर्गाबाहेर उभं केलंय! बाहेरही ती मजेतच असायची. येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा.

जास्तीचं पाकीट तिच्याच नावाचं. मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेली छोटीशी गोगलगाय. शाळेच्या कपाटात ठेवायला हवं होतं. घरी घेऊन आले.


९ जुलै, बुधवार

उघडलं. दुसऱ्याचं पत्र उघडू नये हे मी दरवर्षी मुलांना शिकवते.

मुलगी तेरा वर्षांची. वर्गातून सगळ्यांत शेवटी बाहेर पडते म्हणून तिला गोगलगाय म्हणतात. तिनं ते मनाला लावून घेतलेलं नाही, सहीऐवजी गोगलगायच काढते. आम्हाला त्यांची भाषा येत नाही, त्यांना आमची नाही, म्हणून पत्रं तिसऱ्याच एका भाषेत — दोन्हीकडे सारखीच मोडकी. हायकू मात्र ज्यानं-त्यानं आपल्या भाषेत लिहायचा आणि खाली अर्थ द्यायचा. तिच्या हायकूचा अर्थ मी आपल्या अक्षरांत बसवून पाहिला —

रिकामा वर्ग
फळ्यावर राहिला
कालचा वार

बसला! पाच-सात-पाच. खूप वेळ तोच म्हणत होते.

शेवटी तिनं लिहिलंय — तुझ्या खिडकीतून काय दिसतं ते सांग. आणि उत्तर लांब लिही. छोटं उत्तर आलं की मला वाटतं समोरच्याला घाई आहे.

उठून खिडकीत गेले. अकरा वर्षं या खोलीत राहते आहे. समोरच्या इमारतीची मागची बाजू. गंजलेले नळ. तिसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ शर्ट वाळत घालतो तेव्हा सगळी बटणं लावून घालतो. हे मला माहीत होतं, पण कोणी विचारलंच नव्हतं.

उद्या तिकडच्या बाईंना कळवते की एक नाव चुकून गेलं.


११ जुलै, शुक्रवार

नाही कळवलं.

आज वर्गात उत्तरं लिहून घेतली. हायकूनं वर्ग डोक्यावर घेतला. सगळे बोटं मोजताहेत. जोडाक्षर एक धरायचं की दोन, यावर मागच्या बाकावर हातघाईची वेळ आली. एक धरायचं, असा निकाल दिला. एका पठ्ठ्यानं लिहिलं —

गणित तास
घड्याळही झोपले
सर जागेच

गणिताच्या सरांना दाखवलं. हसले नाहीत. अक्षरं मात्र मोजली.

घरी आल्यावर मी तिला उत्तर लिहिलं. शिट्टीच्या नावानं. काय करणार — बत्तीस पोरांनी तिकडे पत्रं लिहिली, एकतीस पाकिटं गेली, की तिथं ती वाटताना एक मुलगी रिकाम्या हातानं बसून राहणार. ती आधीच सगळ्यांत शेवटी बाहेर पडते. एवढ्यापुरतं. एकदाच.

तेरा वर्षांचं अक्षर मला येतं. अठ्ठावीस वर्षं तेच दुरुस्त करते आहे. खरं वाटावं म्हणून दोन चुका मुद्दाम केल्या. पक्कं लिहिताना राहवेना, दुरुस्त केल्या. मुलांना सांगते तसं आधी कच्चं लिहिलं आणि कच्चा कागद ठेवून दिला. त्यात बटणवाला आला, नळ आले. खाली हे —

वाळता शर्ट
वाऱ्याला हात देतो
रिकामी बाही

तिच्याही हायकूत रिकामं, माझ्याही. तो शब्द बदलायला हवा होता. शिट्टीच्या तोंडी शोभत नाही.


१३ जुलै, रविवार

फोन वाजला. चुकीचा नंबर. बाई बोलतच सुटली, पाचेक मिनिटं मी ऐकून घेतलं. शेवटी तिलाच शंका आली.


१४ जुलै, सोमवार

पाकिटं टपालात गेली. मामांनी मोजली. बत्तीस. आता त्यांचं समाधान झालं.


६ ऑगस्ट, बुधवार

आली! माझं पाकीट — शिट्टीचं, म्हणजे — गठ्ठ्याच्या तळाशी होतं. वाटता वाटता हळूच वहीत सरकवलं. दोन तास तसंच शिकवलं. काय शिकवलं ते मुलांना विचारावं लागेल.

गोगलगाय आजोबांजवळ राहते. आई दुसऱ्या शहरात कामाला, महिन्यातून एकदा येते. आजोबा बोलत नाहीत. रागावलेले नाहीत — आजी गेल्यापासून त्यांचं बोलणं संपलंय, असं ती म्हणते. संपलंय! किती साधा शब्द वापरला पोरीनं.

आजोबा गप्प
रेडिओच बोलतो
त्यांच्या वाटचं

माझा बटणवाला तिला फार आवडला. तिनं त्याला नाव ठेवलंय, पुढच्या पत्रात त्याची खबर मागितलीय. आणि विचारलंय — शाळेत तू कोणाबरोबर असतेस? खरं सांग. मी कोणाला सांगणार नाही.


१० ऑगस्ट, रविवार

ताईचा फोन. भाचीचं बाळ उपडं पडायला लागलं, जावयांना बढती, गुडघे दुखताहेत. मग म्हणाली, “तुझं काय, तुझं बरं आहे. डोक्याला ताप नाही.” मी हो म्हटलं. तिला सांगावंसं वाटलं की मला पत्रं येतात. कोणाची म्हणून विचारलं असतं तर?


१२ ऑगस्ट, मंगळवार

एकदाच म्हणून ठरवलं होतं. आज दुसरं लिहिलं. चार पानी!

तिच्या त्या प्रश्नाचं उत्तरही लिहिलं. खरं लिहिलं. इथं पुन्हा लिहीत नाही.

गंमत अशी की शिट्टी म्हणून लिहायला बसते आणि तिचं काही सुचत नाही. ती असती तर काय लिहिलं असतं — कोणाला टप्पल मारली, कोणाची चप्पल लपवली. मला आपलं घरातलं सुचतं. या खोलीत मी दोन खुर्च्या घेतल्या होत्या, कारण दुकानदार म्हणाला, जोडीनंच मिळतात —

दोन खुर्च्यांत
एकच झिजलेली
दुसरी नवी

बाकी काही का असेना, हायकू जमलाय. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या कविता शिकवल्या. ही माझी. आणि खाली नाव शिट्टीचं.

स्वच्छ लिहून ठेवते म्हणजे नंतर स्वतःला फसवायला नको: एक्कावन्न वर्षांची बाई तेरा वर्षांची मुलगी बनून दुसऱ्या एका लहान मुलीला पत्रं लिहिते आहे. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी काय म्हटलं असतं? आणि तरी गेला महिनाभर मी घरी पोहोचायची घाई करते आहे. कुलूप उघडताना गुणगुणत होते. हे दोन्ही खरं आहे.


१९ ऑगस्ट, मंगळवार

बटणवाल्यानं आज पहिल्यांदा शर्टाचं एक बटण उघडं ठेवलं. कधी एकदा तिला कळवते असं झालंय. पुढचं टपाल यायला अजून निदान दोन आठवडे.


४ सप्टेंबर, गुरुवार

तोंडचं पाणी पळालं.

तिकडच्या शाळेनं दोन्हीकडच्या निवडक हायकूंची पुस्तिका छापून पाठवली. मुलांनी आपल्या हातानं लिहिलेलं जसंच्या तसं, खाली अर्थ. आमच्या वर्गाचे सहा. त्यांत ‘गणित तास’वाला आहे. आणि पहिल्याच पानावर दोन खुर्च्या! खाली शिट्टीचं पूर्ण नाव.

मोठे सर खूश. शाळेचं नाव समुद्रापार गेलं वगैरे. त्यांना साडेतीनशे मुलांतली कोण आहे, कोण गेली, काय ठाऊक? त्यांनी मामांना सांगून पुस्तिकेची पानं सुटी करून ऑफिससमोरच्या फलकावर लावून घेतली. पहिलं पान मधोमध.

वर्गात मुलांनी विचारलंच. शिट्टी तर कधीच गेली, मग तिचा हायकू कसा? मी म्हटलं, जाण्याआधी लिहून ठेवला होता. मागच्या बाकावरचा एकजण पुटपुटला की आपण तेव्हा हायकू शिकलोच नव्हतो. त्याला पुस्तक उघडायला सांगितलं. मुलांशी खोटं बोलायला किती कमी वेळ लागतो!

गोगलगायीचं पत्र — तू माझी पहिली मैत्रीण आहेस. आजोबांना तुझा हायकू वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘ही मुलगी म्हातारी आहे.’ कित्येक महिन्यांत ते पहिल्यांदा काहीतरी बोलले आणि ते तुझ्यामुळे.

शेवटी — तुझा फोटो पाठव.


७ सप्टेंबर, रविवार

खरं काय ते लिहायला बसले. ‘प्रिय गोगलगाय, मी’ — एवढंच झालं. दुपारभर.

खरं सांगितलं तर पत्रं थांबणार. थांबायलाच हवीत. पण मला ती हवी आहेत. दुसरं काही हवं असं मी गेल्या कित्येक वर्षांत म्हटलेलं नाही.


९ सप्टेंबर, मंगळवार

तिसरं पत्र पाठवलं. खरं लिहिलं नाही. घरात कॅमेरा नाही म्हणून फोटोचं टाळलं. बटणाची बातमी लिहिली. त्या पोरीनं आजोबांना बोलतं केलं आणि मी तिला बटणाची बातमी पाठवली!


१६ सप्टेंबर, मंगळवार

आज शिट्टीची आत्या आली. दाखला न्यायला.

मला ऑफिसात बोलावलं, वर्गशिक्षिकेची सही लागते. साधी, धावपळीतली बाई, खांद्याला पिशवी, परतीची गाडी गाठायची होती. शिट्टीचे आईवडील कामापायी सतत फिरतीवर, म्हणून पोर आता हिच्याजवळ असते. तिकडच्या शाळेनं इतके दिवस सांभाळून घेतलं, आता दाखल्याशिवाय चालणार नाही म्हणतात. शिट्टी कशी आहे विचारलं. मजेत, म्हणाली. आल्या आल्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याला शिट्टीवर उठबस करायला शिकवलं.

सही करून मी वर्गाकडे निघाले, पण मामांनी कौतुकानं तिला फलकापाशी नेलं. तुमची पोर बघा, पहिल्या पानावर! मी पाठोपाठ गेले. थांबवायला हवं होतं, पण पाय नुसते मागे चालत राहिले.

तिनं पिशवी खाली ठेवली. चष्मा काढला, लावला. दोनदा वाचलं.

“अक्षर किती सुधारलं हो हिचं.”

मी फलकावरची एक सैल टाचणी दाबून बसवली.

“पण बाई, आमच्या घरी खुर्चीच एक. तिच्यावर पण कपड्यांचा ढीग असतो. ही कुठल्या खुर्च्यांचं म्हणते?”

मुलं कल्पनेनं लिहितात, असं काहीतरी मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. ती फलकाकडेच बघत होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, “पोर एवढी एकटी होती का इथं? आम्हाला कधी बोलली नाही. हसत यायची, हसत जायची.” आणि ओळींवर बोट ठेवून, “आतून असं होतं का तिच्या?”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तिनं पिशवीतून कागद काढला, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि भिंतीला कागद टेकवून तीन ओळी उतरवून घेतल्या. भावाला दाखवणार म्हणाली. पोरीला सारखं इथून तिथं नेलं, आमचंच चुकलं, म्हणाली. आणि मला हात जोडले. तुम्ही तिला लिहितं केलंत, बाई, नाहीतर आम्हाला कळलंच नसतं.

मी पेन परत घेतलं.


१७ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसचा निरोप: दाखला दिला, नाव कमी करावे. पटावर शिट्टीच्या नावावरून लाल रेघ मारली. आता एकतीस.

त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. एका चांगल्या, हसऱ्या पोरीच्या घरी मी रडं पोहोचवलं. तिचे वडील त्या तीन ओळी वाचतील आणि काय काय आठवत बसतील. आणि सगळं कोणाचं? माझं.

उद्या मोठ्या सरांना सांगायचं. ठरलं.


१८ सप्टेंबर, गुरुवार

सांगितलं. पहिल्या पत्रापासून. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग एवढंच विचारलं, “का?”

चुकून नाव गेलं, पोरीला वाईट वाटू नये — हे सगळं येत होतं तोंडात, पण त्यांनी ते विचारलंच नव्हतं.

म्हणाले, “तिकडची मुलगी लहान आहे, बाई. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तर मी काय केलं असतं, तुम्हीच सांगा.”

पत्रांचा उपक्रम आता गणिताच्या सरांकडे. अक्षरं तरी नीट मोजतील. माझ्या फाइलला एक कागद लागेल. तिकडच्या बाईंना आणि शिट्टीच्या घरी मी स्वतः कळवायचं, सर वाचून मगच पाठवणार. रास्त आहे. याहून कमी केलं असतं तर मलाच चाललं नसतं.

फलकावरचं पहिलं पान मीच काढलं. टाचण्या बोटाला लागल्या.


२० सप्टेंबर, शनिवार

तीन पत्रं लिहिली.

गोगलगायीला: मी ती नाही. मी तिची बाई. माझं वय एक्कावन्न. तुझे आजोबा बरोबर म्हणाले. खिडकी खरी आहे, बटणवाला खरा आहे, खुर्च्या खऱ्या आहेत. नाव आणि वय खोटं. तुझ्याशी असं करायला नको होतं. चूक तुझी अजिबात नाही, तू फक्त चांगली पत्रं लिहिलीस. ज्या मुलीचं नाव मी घेतलं ती खरंच आहे, माझ्यापेक्षा खूप मजेदार आहे. तिच्या घरचे हो म्हणाले तर तिचा पत्ता तुझ्या बाईंना कळेल.

तिकडच्या बाईंना: सगळं.

आत्याला: तो हायकू तुमच्या मुलीचा नाही. ती इथं आनंदात होती, शपथेवर सांगते. तिच्या वडिलांना आधी हे सांगा. सोबत गोगलगायीची तिन्ही पत्रं आणि माझी तिन्ही उत्तरं — कच्चे कागद होतेच. तिच्या नावानं जगात काय काय बोललं गेलंय ते तिला कळायला हवं. गोगलगायीला पत्ता द्यायचा की नाही ते तुम्ही आणि ती ठरवा, आणि थेट परदेशातल्या त्या शाळेला कळवा.

हायकू एकाही पत्रात नाही. लिहिला नाही.

सरांनी वाचलं. एक वाक्य खोडलं. स्वतःची बाजू मांडणारं होतं ते.


२१ सप्टेंबर, रविवार

कपाट आवरलं. मग पुन्हा आवरलं.


२ ऑक्टोबर, गुरुवार

ताईचा फोन. ऐकून घेतलं. मध्येच म्हटलं, “ताई, मला फार एकटं वाटतं गं.” मग म्हणाली, “अगं, आता कोणाला नाही वाटत? मी तर एवढ्या माणसांत…” आणि पुन्हा गुडघ्यांवर आली. तिचा दोष नाही. मी उशीर केला सांगायला, तीस वर्षं.


१३ ऑक्टोबर, सोमवार

पत्रं आली. गणिताच्या सरांनी वाटली. मी दाराशी उभी होते. एकतीस पाकिटं, एकतीस मुलं. बरोबर.

सरांनी माझ्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. तिकडच्या बाईंचा. त्यांनी लिहिलंय — मुलीला मी स्वतः पत्र वाचून दाखवलं. ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं खऱ्या मुलीचा पत्ता मागितला. तिच्या आत्याचं संमतीचं पत्र आलं आहे, त्यामुळे तो दिला. आपण होऊन कळवलंत हे बरं केलंत. यापुढे मुलीला आपण लिहू नये, ही विनंती.

त्या बाईंच्या जागी मी हेच लिहिलं असतं. शब्दही बदलला नसता.

आता त्या दोघी एकमेकींना लिहितील. शिट्टी तिला कुत्र्याचं सांगेल, गोगलगाय हसेल, आजोबांनाही ऐकवेल. चांगलं झालं. अगदी चांगलं झालं. आणि मला शिट्टीचा हेवा वाटतो आहे — तेरा वर्षांच्या पोरीचा! लाज वाटते पण वाटतो आहे.

वर्गात सगळे एकदम वाचत होते, ओठ हलवत. कोणीतरी खुसूखुसू हसलं. मी फळा पुसला.


१९ ऑक्टोबर, रविवार

खिडकीचा पडदा लावून ठेवलाय. बाहेर बघितलं की वाक्यं तयार होतात आणि ती पाठवायला कोणी नाही.


२७ ऑक्टोबर, सोमवार

गणिताच्या सरांनी हायकू लिहिला! मुलांनी आग्रह केला म्हणे. मला दाखवायला आले, कागद मागे लपवून. अक्षरं सतरा, चोख. अर्थ मात्र मला लागला नाही. तसं सांगितलं. ते म्हणाले, त्यांनाही नाही लागला. हसले. मीही हसले. मग तास झाला आणि ते गेले.


६ नोव्हेंबर, गुरुवार

मामांनी टेबलावर एक पाकीट ठेवलं. वर माझं नाव. अक्षर शिट्टीचं, रेघ सोडून वर चढत जाणारं. अर्धंच पान —

“बाई, मी सगळी पत्रं वाचली. आत्या रडली, मी नाही. गोगलगाय भारी आहे, मी तिला लिहिलं. पण तुमच्या कागदात लिहिलंय की मी मधल्या सुट्टीत रोज वर्गात एकटी बसते. मी कधी बसले हो? तुम्ही बसायचात. आम्हाला वाटायचं, तुम्हाला वह्या तपासायच्या असतात. म्हणून तुमच्या दारावरून जाताना आम्ही सगळे चपला हातात घेऊन जायचो, तुम्हाला त्रास नको म्हणून. मीच सांगितलं होतं सगळ्यांना तसं करायला. आधी बोलायचंत ना, बाई. मी आत आले असते.”